जेवण सुटत चाललंय आणि खर्रा वाढत चाललाय, भावाला कसं समजवायचं?

धानपट्टा

नमस्कार मंडळी. मी भंडारा जिल्ह्यातला, नोकरीसाठी नागपुरात आहो. लहान भाऊ माझ्याजवळच राहते, बावीस-तेवीस वर्षाचा आहे, एका गोदामात पॅकिंगच्या कामावर जाते. प्रॉब्लेम असा आहे की पोरगा जेवूनच नाही राहिला. सकाळी नुसता चहा आणि टोस्ट, घराबाहेर पडला की पहिले पानठेल्यावर थांबून खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून करतात तो), दुपारचा डबा अर्ध्याच्या वर तसाच परत येते, संध्याकाळी पुन्हा खर्रा आणि सोबत ती वीस रुपयावाली एनर्जी ड्रिंकची बाटली, रात्री मित्रांसोबत गाडीवर चायनीज नाहीतर अंडा राईस. माझी मिसेस पहाटे उठून पोळी-भाजी-वरण करते आणि हा म्हणते वहिनी मला भूकच नाही लागत, कमी देत जा. गेल्या दिवाळीत घेतलेला पॅंट आता बेल्ट लावूनही ढिला होते त्याला.

आता यात मला जे खटकते ते सांगतो. हाच पोरगा एक दिवस दारू पिऊन आला असता तर आमच्या घरी रडारड झाली असती, मामाला फोन गेला असता, गावात चर्चा झाली असती. पण खर्ऱ्याबद्दल कोणी एक शब्द काढत नाही कारण बाबा स्वतः चाळीस वर्षांपासून तंबाखू घोटतात, काका खातात, गावाकडे लग्न असो की तेरवी, पाहुण्यापुढे सुपारी-तंबाखूचं ताट ठेवलं नाही तर तो माणूस नाराज होते. मी बाबांना म्हटलं तर ते म्हणाले, "अरे एवढं तर चालते, दारू तर नाही ना पीत तो."

तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भूक मरते ती खर्ऱ्यामुळे की बाहेरच्या खाण्यामुळे की दोन्हीमुळे? आणि घरच्या मोठ्या माणसांचीच याला हरकत नसताना मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? जाणकारांनी प्लीज लिहा, मनापासून विचारतोय.

दाढदुखी

मी दाताची डॉक्टर आहे, विदर्भातच प्रॅक्टिस करते, त्यामुळे तुमच्या भावासारखी मुलं माझ्या खुर्चीत रोज बसतात. सरळ सांगते, ही नशाच आहे आणि साधी नाही. खर्ऱ्यात तंबाखूचं निकोटिन असतं, सुपारीत अरेकोलीन नावाचं द्रव्य असतं, दोन्ही मेंदूला तरतरी देणारी, आणि वरून चुना घोटलेला असतो ज्याच्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून पटकन रक्तात जातं. निकोटिनने भूक दबते हे अगदी पक्कं माहीत असलेलं आहे. त्यात संध्याकाळची बाटली म्हणजे कॅफिन आणि साखर, पाव लिटरमधे कितीतरी चमचे साखर असते, ती पोटात गेली की रात्रीच्या जेवणाची उरलीसुरली भूकही गेली. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही, पण सुरुवात खर्ऱ्यापासून होते कारण तो उपाशीपोटी घेतोय.

दुसरी गोष्ट, ज्याच्यासाठी मी खरंतर लिहायला बसले. लोक म्हणतात तंबाखू वाईट, सुपारीने काय होतंय. अहो सुपारीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे, तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, पांढरट पट्टे पडतात आणि तोंड उघडणं हळूहळू कमी होतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि हे पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतं. सुरुवातीला दुखत काहीच नाही म्हणून कोणी डॉक्टरकडे येत नाही. म्हणून मी पेशंटला पहिला प्रश्न दाताचा विचारतच नाही, मी विचारते सावजी खाता येतं का, ठेचा खाता येतो का. ज्या मुलाला आधी झणझणीत लागायचं तो जर आता भाजी दह्यात कालवून खात असेल, डब्यातली भाजी ठेवून फक्त पोळी-वरण खाऊन येत असेल तर मला तिथेच शंका येते, कारण तिखट झोंबायला लागणं हे या रोगाचं सगळ्यात पहिलं लक्षण आहे. तुमच्या भावाच्या डब्यात परत काय येतं ते एकदा बघा. आणि त्याला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगा, सहज जायला हवीत.

घरच्यांना पटत नसेल तर हे दाखवा. २०१६-१७ च्या देशव्यापी सर्वेक्षणात महाराष्ट्रातली साधारण २७ टक्के मोठी माणसं तंबाखू वापरतात असं आलं, त्यात ओढणारे ४ टक्क्यांच्याही आत होते आणि तोंडात ठेवणारे २४ टक्क्यांच्या वर. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचा प्रश्न सिगरेटचा नाहीचे, तोंडात ठेवायच्या तंबाखूचा आहे, आणि तो घरातल्या घरात, सगळ्यांसमोर चालतो.

चौकातला_ठेला

डॉक्टर ताई बरोबर बोलल्या पण दुसऱ्या बाजूने पण कोणीतरी लिहिलं पाहिजे म्हणून लिहितो. माझा पानठेला आहे, वडिलांपासून. सकाळी सहा ते नऊ जी गर्दी असते ना त्यातले निम्मे लोक काही न खाता आलेले असतात. एमआयडीसीत जाणारी पोरं, सेंट्रिंगवाले, ट्रकचे ड्रायव्हर, आता हे पार्सल पोचवणारे. ते तोंडाने बोलून दाखवतात, भाऊ चांगला घोटून दे दुपारपर्यंत भूक नको लागायला. शौक म्हणून खाणारे वेगळे, ते जेवण करून येतात आणि पान घेतात. उपाशी येणारा माणूस खर्रा घेते कारण त्याची ड्युटी बारा तासाची आहे, जेवायला अर्धा तास भेटते, त्यात हात धुवायला रांग, कँटीन नाही, बाहेरची थाळी सत्तर-ऐंशी रुपये. खर्रा त्याच्या निम्म्याहून कमी पैशात येते आणि दोन-तीन वेळा थोडा थोडा टाकून दिवस जाते. तुम्ही त्याला शंभर वेळा सांगा आरोग्य आरोग्य, त्याचं जेवणाचं गणित बदलत नाही तोवर तो ऐकणार नाही.

बंदीचं म्हणाल तर गुटखा २०१२ ला बंद झाला. तो दारू-गांजाच्या कायद्याने नाही, खाण्याच्या पदार्थांच्या कायद्याने बंद झाला, कारण नियमच आहे की खाण्याच्या कोणत्याच वस्तूत तंबाखू नको. पुढे सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी पण त्यात आली. मग कंपन्यांनी पान मसाला वेगळ्या पुडीत आणि तंबाखू वेगळ्या पुडीत आणली, गिऱ्हाईक हातावर एकत्र करून खाते. आणि आमच्या भागात तर लोक घोटलेल्या खर्ऱ्याकडेच वळले. प्लास्टिकच्या पन्नीवर घासून घासून करायचा, ती पन्नीपण झिजून त्यातच जाते हे मी रोज पाहतो.

शाळेच्या गणवेशातल्या पोराला मी देत नाही, मग तो बापासाठी नेतो म्हणो की आणखी काही. अठराच्या आतल्याला तंबाखू दिली तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षापर्यंत शिक्षा आहे, हे आमच्या लाइनमधल्या बऱ्याच लोकांना माहीतच नाही. पण त्याच पोराला एनर्जी ड्रिंकची बाटली कुठल्याही किराणा दुकानात भेटते, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असते लहान मुलांसाठी नाही, कोण वाचते? आणि मी पाहून राहिलो, ज्याला बाटलीची सवय लागली तो वर्षा-दोन वर्षात सुपारीवर येतेच.

कृष्णाकाठची

तुम्ही सगळे पोरांबद्दलच लिहिताय म्हणून राहवलं नाही. आमच्या सातारा-सांगलीकडे बायकांची मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटाने दात-हिरड्यांना लावत बसायची. ज्या तव्यावर भाकरी त्याच तव्यावर मिश्री, घरभर तो उग्र वास आणि आम्ही पोरं खोकत बाहेर पळायचो. माझी आजी, दोन्ही आत्या, लग्नानंतर सासूबाई, सगळ्याजणी लावायच्या. सकाळी उठल्यावर, धुणं झाल्यावर, रानातनं आल्यावर, झोपताना. विचारलं की एकच उत्तर, दात दुखत्यात, आणि मिश्री लावल्याबिगर पोट साफ होत नाही. 

पण खरं कारण मला माझं लग्न झाल्यावर कळलं. घरातली बाई सगळ्यात शेवटी जेवते. आधी पुरुष, मग पोरं, मग म्हातारी माणसं, मग उरलं तर हिचं. दोन-अडीच वाजेपर्यंत पोटात काही नाही आणि काम तर पहाटे पाचपासून. मग ती डबी हातात येते. दहा मिनिटं बसायला मिळतं आणि भूक लागल्याचं कळत नाही. ठेलेवाले दादा गोदामातल्या पोरांचं जे सांगतायत तेच आमच्या स्वयंपाकघरात कितीतरी पिढ्या चाललंय, फरक एवढाच की बाईच्या व्यसनाला कुणी व्यसन म्हणून मोजलंच नाही.

आणि ह्याचा भार बाळावर येतो. २००४ साली मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास छापून आला होता, त्यात बिडी-सिगरेट नाही, मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्या बायका होत्या, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं. आधीच आपल्याकडे बाळं अडीच किलोच्या आसपास, त्यात शंभर ग्रॅम कमी म्हणजे किती हो! मी अंगणवाडीच्या कामात असते, गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या घेतल्या का हे सगळे विचारतात, मिश्री लावतेस का हे फार कमी जण विचारतात. मी विचारते. आणि सासू समोर असेल तर ती हो म्हणत नाही, तिला बाजूला घेऊन विचारावं लागतं.

मोकळं_मत

माझं मत थोडं वेगळंय, राग मानू नका. चहा-टोस्ट, चायनीज, एनर्जी ड्रिंक, खर्रा सगळं एकाच टोपलीत टाकून "आजकालच्या पोरांचं खाणं" म्हणून झोडपणं मला पटत नाही. गाडीवरचं चायनीज हे एकट्या राहणाऱ्या पोराला रात्री दहा वाजता मिळणारं एकमेव गरम जेवण असतं, तेल-मीठ जास्त असेल पण ते खाऊन कुणाला व्यसन नाही लागत. आणि तंबाखू तर आधीच्या पिढीतही होतीच की, धानपट्टा यांचे बाबाच उदाहरण आहेत. मग आधुनिक काय यात?

उलट खरा धोका आज एमडीचा आहे, म्हणजे मेफेड्रोन नावाचा अमली पदार्थ. फेब्रुवारी २०२४ मधे पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यातून किती माल पकडला ते सगळ्यांनी वाचलंय, हजार कोटींच्या वरचा होता. मी पुण्यात कॉलेजच्या एरियात राहतो, ते घेणारी पोरं दोन-दोन दिवस जेवत नाहीत आणि झोपत नाहीत, गालफडं बसलेली असतात. आपण आपली शक्ती तिकडे लावायला हवी असं माझं मत. खर्ऱ्याने माणूस कामाला तरी जातो.

पांढरी_कपाशी

मोकळं_मत, तुमचा तंबाखू आधीपण होती हा मुद्दा खरा आहे आणि त्याच्यावरच मला बोलायचंय. मी यवतमाळकडचा शेतकरी, साठी जवळ आली. आमच्या बापाच्या वेळेस वावरात न्याहारी यायची, ज्वारीच्या दोन जाड भाकरी, अंबाडीची भाजी नाहीतर झुणका, कांदा, कधी ताक. ते खाऊन बांधावर बसून मग तंबाखूची चिमूट. जेवणानंतर. आता तीच चिमूट जेवणाच्या जागेवर आली आहे, हे नवीन आहे. तंबाखू तेव्हाही वाईटच होती, तोंडाच्या कॅन्सरने आमच्याच गावची माणसं गेली, पण तेव्हा माणसाच्या पोटात आधी काहीतरी असायचं.

ती न्याहारी कुठे गेली ते पण पाहा. ज्वारी पेरायचं आम्हीच सोडलं, हौसेने नाही सोडलं. रानडुक्कर आणि पाखरं निम्मं खातात, कणसं खुडायला मजूर भेटत नाही आणि सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यात निघून रोख पैसा देते. रेशनवर तांदूळ-गहू येतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचा पण भाव लिहिलेला होता, एक रुपया किलो, पण आमच्या दुकानात वर्षानुवर्षं तांदूळ आणि गहूच. २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, शहरातल्या मॉलमधे ज्वारीची बिस्किटं आली, आमच्या गावच्या मजुराच्या फडक्यात भाकर काही परत आली नाही. त्याच्या फडक्यात आता दहा रुपयाचा बिस्किटाचा पुडा असते आणि खिशात खर्रा. बिस्किट दोन तासात जिरून जाते, मग खर्रा काढते. पोट भरलेलं असलं की तलफ उशिरा येते, हे कोणीही तंबाखूवाला सांगेल.

म्हणून धानपट्टा यांना माझं सांगणं, खर्रा सोड म्हणण्याच्या आधी त्याची सकाळ सुधरवा. चहा-टोस्टवर घराबाहेर पडू देऊ नका.

दाढदुखी

मोकळं_मत यांच्या एका वाक्यावर थांबावंच लागेल, "खर्ऱ्याने माणूस कामाला तरी जातो." हो, जातो, दहा-पंधरा वर्षं जातो आणि मग पस्तिशीत माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याच्या तोंडात एक बोट जेमतेम जातं. त्याची बायको त्याला वरण-भात मिक्सरमधे काढून देत असते. एमडी भयंकर आहेच, त्याच्यावर कारवाई व्हावीच, पण ते पेपरात येतं, पोलिस धाड टाकतात, सगळ्यांना ते वाईट आहे हे माहीत असतं. खर्ऱ्याच्या बाबतीत आई-वडील स्वतः पैसे देऊन पोराला ठेल्यावर पाठवतात. माझ्या दृष्टीने एवढा मोठा फरक आहे, आणि मी ज्या कॅन्सरच्या केसेस पुढे पाठवते त्यातली जवळजवळ प्रत्येक केस तंबाखू-सुपारीची असते.

वैनगंगा७७

मी खर्रा सोडलेला माणूस आहे, काही वर्षं झाली, त्यामुळे थोडं प्रॅक्टिकल लिहितो. पांढरी_कपाशी काकांचा मुद्दा लाखातला आहे. सगळ्यात अवघड असतो तो सकाळचा पहिला, तो पुढे ढकलता आला की बाकीचे आपोआप कमी होतात. मी ठरवलं होतं की जेवल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही, बस एवढंच. पोहे, उपमा, रात्रीची पोळी काहीही पण आधी खायचं. सुरुवातीला खाऊनही मन लागत नाही, चिडचिड होते, घरच्यांवर ओरडणं होतं, डोकं दुखतं, आणि पोट साफ होत नाही, मिश्रीबद्दल ताईंनी लिहिलं ना तेच. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून लोक चौथ्या दिवशी परत सुरू करतात, त्यांना वाटतं खर्ऱ्याशिवाय आपलं शरीरच चालणार नाही. चालतं. भरपूर पाणी, काकडी, पपई, पालेभाजी आणि थोडे दिवस जाऊ द्यायचे.

मेडिकलमधे निकोटिनचं च्युइंगगम मिळतं पण ते साध्या गमसारखं चघळत राहायचं नसतं, थोडं चावून गालात दाबून ठेवायचं, नाहीतर उचकी आणि मळमळ होते. सरकारी हेल्पलाइन आहे १८००-११-२३५६, फुकट आहे, फोन केला की समोरचा माणूस नीट बोलतो आणि नंतर ते स्वतः फोन करून विचारतात. आणि एक, ठेल्यावरची संगत. मला खर्ऱ्यापेक्षा तिथे उभं राहून मित्रांशी बोलायची सवय जास्त होती. धानपट्टा भाऊ, तुमचा भाऊ शहरात नवा आहे, त्याचे सगळे मित्र ठेल्यावरचेच असतील, तिथून त्याला तोडलं तर तो एकटा पडेल. त्याला रविवारी कुठे क्रिकेट-बिकेट खेळायला न्या, तिकडे दुसरी माणसं भेटू द्या.

गडचिरोलीत जिल्हाभर दारूबंदी १९९३ पासून आहे आणि तिथे २०१६ पासून मुक्तिपथ नावाचं काम चालू आहे, डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने, त्यात दारूसोबत तंबाखू आणि खर्रा पण घेतलाय. गावातल्या बायका आणि ग्रामसभा मिळून ठरवतात की गावात खर्रा विकायचा नाही. हे मी अशासाठी सांगतोय की घरचे मोठे ऐकत नाहीत म्हणून तुम्ही हतबल होऊ नका, तिथेही सगळे मोठे खातच होते.

धानपट्टा

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री भावाला जवळ बसवून तीन बोटांचं करून पाहायला लावलं. दोन जातात, तिसरं अडते. जबरदस्ती केली तर कानापाशी ओढल्यासारखं होते म्हणाला. मिसेसनी पण सांगितलं की दोन महिन्यांपासून तो भाजी ठेवून नुसती पोळी खाऊन येते आणि वहिनी तिखट कमी टाका म्हणते, आम्हाला वाटलं ॲसिडिटी असेल. बाबांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले त्याला दाखवून आण आणि पैसे लागले तर सांग.

डॉक्टर ताई, आता कुठे न्यायचं आणि हे बरं होते का? खूप टेन्शन आलं आहे.

दाढदुखी

घाबरू नका, पण उशीरही करू नका. दोन बोटं जातात म्हणजे अजून बरंच हातात आहे. कडक झालेली कातडी पूर्ण आधीसारखी होत नाही हे खरं सांगते, पण सुपारी आणि तंबाखू आजच्या आज बंद केली तर रोग तिथे थांबवता येतो, आणि तोंड उघडायचे व्यायाम, गोळ्या, लागलं तर गालात इंजेक्शन, यांनी उघडणं वाढवता येतं. नुसतं कमी करून उपयोग नाही, आणि तंबाखू सोडून साधी सुपारी चालेल असं तो म्हणाला तर अजिबात ऐकू नका, कातडी कडक करते ती सुपारीच.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात न्या, मेडिकल कॉलेजच्या परिसरातच आहे. ते गालाचा छोटा तुकडा तपासायला घेऊ या म्हणाले तर घेऊ द्या, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तोपर्यंत जेवणात तिखट कमी, पण जेवण कमी नाही, वरणात तूप, अंडी, दही, केळं, मऊ शिजवलेल्या भाज्या असं भरपूर द्या, त्याचं वजन वाढायला हवं. बाबा नागपूरला येणार असतील तर त्यांनाही सोबत न्या, चाळीस वर्षं तंबाखू खाणाऱ्या माणसाचं तोंड एकदा तरी बघायला हवं. आणि सकाळी लवकर जा, नंतर केसपेपरच्या रांगेतच दुपार होते.